तिचं वाक्य

२ फेब्रुवारी

चि. पुटपुट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र काल शाळेतून परतल्यावर मिळालं. फोन करू नकोस असं मीच बजावलं होतं, ते पाळलंस हे बरं झालं. इतकी वर्षं विंगेत बसून नटांना वाक्यं पुरवल्यामुळे तुझा आवाज आता कुजबुजीच्या वर चढतच नाही. फोनवर तर भिंतीत उंदीर हिंडतोय असं वाटतं. पत्रात निदान अक्षर ऐकू येतं.

तर सूनबाई तुझ्याशी बोलत नाही. म्हणजे अबोला असा नाही, दार लाव आणि दिवा मालव एवढं बोलते. तुला कारण कळत नाही असं तू पहिल्या पानावर लिहितोस आणि दुसऱ्या पानावर ते कारण स्वतःच्या हातानं मांडून ठेवतोस. हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं की कळा बोथट करायचं ते पाठीतलं इंजेक्शन घेणार का. ती जराशी थांबली. तेवढ्यात तू सांगून टाकलंस की नको, आम्ही नैसर्गिकच बाळंतपण करणार आहोत. बाईंनी तसं लिहून घेतलं.

आम्ही. बाळा, तुझ्या पोटात त्या वेळी चहाखेरीज काय होतं? संस्कृतात द्विवचन आहे हे खरं. पण ते ज्यांनी केलं त्या थोर पुरुषांनाही बाळंतपण द्विवचनी असतं म्हणण्याचा धीर झाला नसता.

कळा सुरू झाल्या की बाईबरोबर एकाच माणसाला आत सोडतात, आणि ती जागा तुझी ठरली होती. आता ती 'बघू' म्हणते, म्हणून तुझ्या जिवाची उलघाल चालली आहे. होऊ दे थोडी. 'बघू' ही 'नाही'ची धाकटी बहीण, पण स्वभावानं बरी. तिची समजूत काढता येते. फक्त ती काढताना तू कमी बोल. तुझ्या धंद्यात हे अवघड आहे, कल्पना आहे मला.

तुझ्या लहानपणीही मी गोष्ट सांगताना श्वास घ्यायला थांबले की तू पुढचं सांगून मोकळा व्हायचास. तेव्हा कौतुक वाटायचं. आता वाटतं, तेव्हाच एक धपाटा द्यायला हवा होता.

प्रकृतीला जप. लोभ आहे, तो वाया घालवू नकोस.

तुझी,
आत्या

७ फेब्रुवारी

ती. आत्यांना,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी पोहायच्या तलावाच्या ऑफिसात बसून लिहितेय. घरी लिहिलं असतं तर तुमच्या भाच्यानं मागून डोकावून वाक्यं पुरी केली असती. पाण्यात उतरणं बंद केलंय. काठावर बसून शिट्टी वाजवते आणि पोरांवर ओरडते. बाळ आतून लाथा मारतं, तेही नियमात न बसणाऱ्या. शिकवायला हवं.

त्यानं तुम्हाला सगळं लिहिलं असणारच. म्हणून माझी बाजू सांगते, पण त्याला सांगायची नाही या अटीवर.

इंजेक्शन नको हे माझंच ठरलेलं होतं. डॉक्टरही म्हणतात, सगळं ठीक आहे, बाळाचं डोकं खाली आहे, हरकत नाही. आम्ही दोघं हॉस्पिटलच्या वर्गालाही जातो. तिथं श्वास कसा घ्यायचा ते शिकवतात, आणि माझं पोट तर त्यावरच चालतं. पहिल्या दिवशी तिथल्या सिस्टरनं मलाच पुढे उभं करून बाकीच्यांना दाखवलं. तेव्हापासून सगळे धरून चाललेत की हिला काय, ही पाण्यात श्वास धरणारी बाई. मीही मान डोलावत गेले.

त्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी म्हणणार होते की मला भीती वाटते. एवढंच. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ते जिभेवर आलं होतं. आणि यानं माझं वाक्य उचलून त्या जागी दुसरं ठेवून दिलं. ते चुकीचंही नव्हतं, म्हणून भांडताही येत नाही. तेव्हापासून काही केल्या बसवत नाही, निजवत नाही. घरभर फिरते, कपाटं उघडते आणि कशाला उघडली ते विसरते.

आत मला बोलणारं माणूस नको आहे. तुम्ही याल का? शाळेत संस्कृतच्या तासाला एखादी मुलगी अडली तर तुम्ही खिडकीबाहेर बघत तिच्या उत्तराची वाट पाहता, असं तोच सांगत असतो.

उत्तर तलावाच्या पत्त्यावर पाठवावं. माया असू द्यावी.

आपली,
सूनबाई

१० फेब्रुवारी

चि. सौ. सूनबाईस,
अ. उ. आ.

तुझं पत्र उभ्यानं वाचायला घेतलं आणि बसून संपवलं. मधल्या भागात काय झालं ते नीट आठवत नाही.

मला बोलावलंस याचा मान मोठा आहे, म्हणून आधी माझी पात्रता सांगते. प्रसूतीविषयी माझं ज्ञान कोशापुरतं आहे. धातू, उपसर्ग, प्रत्यय विचारशील तर अर्ध्या झोपेत सांगेन. पुढचं काही विचारू नकोस. गेल्या वर्षी वर्गात एका मुलीचा दुधाचा दात पडला. तिला चूळ भरायला म्हणून पाणी मागवलं आणि ते मीच पिऊन टाकलं. मग तिनंच मला वारा घातला. अशी ही तुझी पाठराखीण. आणि खिडकीबाहेर मी बघते ते उत्तराची वाट पाहायला नव्हे. समोरच्या घरातली मांजर त्या वेळी कौलांवर येते.

तरीही येईन. तुला नाही म्हणणारी जीभ माझ्याकडे नाही. दहावीच्या सराव परीक्षा महिनाअखेर आटपतात, तुझी तारीख त्यानंतरची आहे. बॅग भरून दाराशी ठेवली आहे. काल ती उपसून पुन्हा भरली, कारण आत काय आहे ते आठवेना.

पण एक विचारते, राग मानू नकोस. ते वाक्य तू मला लिहिलंस, इतक्या लांब, तिकीट लावून. ज्याच्या उशीला उशी लावून निजतेस त्याच्यापर्यंत ते पोचायला तर तिकीटही लागत नाही. त्यानं ते उचललं हे खरं. पण काय उचललं हे त्या बिचाऱ्याला अजून ठाऊक नाही.

तुझं गुपित माझ्याजवळ कुलपात आहे. मात्र त्याच्या धंद्याविषयी त्याला चार प्रश्न विचारायची मला कोणी बंदी केलेली नाही.

पायऱ्या सावकाश उतर.

तुझी,
आत्या

१० फेब्रुवारी

चि. पुटपुट्यास,
अ. उ. आ.

आज सल्ला देत नाही, शंका विचारते. रंगमंचावर नट बोलता बोलता थांबतो. तो विसरला आहे की मुद्दाम थांबला आहे, हे तुला विंगेतून कसं कळतं? नीट विचार करून, सविस्तर लिही. मुलींना नाट्यप्रवेश बसवते आहे असं समज. खरंच बसवते आहे की नाही, याची चौकशी नको.

तुझी,
आत्या

१५ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या मुलींना सांग की सगळं डोळ्यांत असतं. विसरलेला नट विंगेकडे बघतो. मान वळवत नाही, फक्त नजर घसरते, आणि हात उगाच काहीतरी चाचपायला लागतात, खुर्चीची पाठ, अंगरख्याचं टोक. त्या क्षणी वाक्य टाकायचं, हलकं, सुरुवातीचे दोन शब्द. थांबलेला नट समोरच्याला सोडत नाही. त्याचे हात जागच्या जागी असतात. अशा वेळी प्रॉम्प्टरनं श्वाससुद्धा जपून घ्यायचा, कारण ती शांतता नटाच्या मालकीची असते. माझ्या आधीच्या माणसानं एका म्हाताऱ्या नटाच्या अशा थांबण्यात वाक्य टाकलं. प्रयोग संपल्यावर नटानं त्याला हात धरून रंगमंचाच्या मध्यभागी नेलं आणि म्हटलं, या, उरलेली भूमिकाही तुम्हीच करा. दुसऱ्या दिवसापासून विंगेत मी.

एवढं लिहिलं आणि पुढे लिहवेना. आत्या, त्या दिवशी ती माझ्याकडे बघत नव्हती. डॉक्टरीणबाईंकडे बघत होती. हात मांडीवर होते, स्वस्थ. परक्या माणसांचं जे मी रोज ओळखतो, ते हिचं ओळखलं नाही. तुझ्या मुली नाटकबिटक काही करत नाहीत हेही मला आता कळलं.

काल तिला आणायला तलावावर गेलो. काठावरच्या बाकावर शेजारी बसलो आणि विचारलं, त्या दिवशी तू काय म्हणणार होतीस. ती पाण्याकडे बघत राहिली. शिकाऊ पोरं पलीकडच्या कडेला जाऊन परत आली, पुन्हा गेली. मला उत्तरं सुचत होती, एकाहून एक, सगळी गिळली. दाढा दुखायला लागल्या. शेवटी तिनं शिट्टी गळ्यातून काढून पिशवीत टाकली आणि म्हणाली, चल घरी.

म्हणजे अजून सांगितलेलं नाही. तालमीत आज दोनदा पान चुकलो. घरी आलो की ती या खोलीत, मी त्या खोलीत, दोघंही फेऱ्या घालतो. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी परवा विचारलं की तुम्ही सामान हलवताय का.

आशीर्वाद असावा, आणि असतील तर आणखी शंकाही विचाराव्यात.

तुझा,
पुटपुट्या

२४ फेब्रुवारी

चि. उभयतांस,
अ. आ.

पत्र का नाही? काय ठरलं? आत कोण?

पर्यवेक्षणाला उभी राहते तर मुली पेपर लिहितात आणि मी दाराकडे बघते. काल एकीनं पुरवणी मागितली, तिला मी डबा उघडून पेढ्यासारखा खडू दिला. तिनं तो मुकाट्यानं घेतला; आजकालच्या मुली समजूतदार आहेत. शिपाईबाई म्हणाल्या, बाई, तुमच्या घरी कोणी आजारी आहे का. मी म्हटलं, आजारी नाही, अवघडलेली आहे. त्या म्हणाल्या, मग तुमचंच तोंड का उतरलंय.

बॅग अजून दाराशीच आहे. येता-जाता तिला ठेचकाळते. मला बोलवाल तर येईन, बाहेर बसा म्हणाल तर बाहेर बसेन. खरं सांगायचं तर बाहेरचं बाक मला अधिक मानवेल. पण दोन ओळी खरडा.

लोभ इकडे उतू चालला आहे, पातेलं तुम्ही आणा.

आत्या

२८ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मुलगी झाली. काल दुपारी. दोघी सुखरूप आहेत, माझं चाललं आहे.

तारखेची वाट बाळानं पाहिली नाही, म्हणून तुला कळवायला सवड मिळाली नाही. सकाळी पिशवी फुटून पाणी गेलं, आम्ही रिक्षात बसलो. आत मी होतो. चार दिवसांपूर्वी भांडी पुसता पुसता तिनं मला ते वाक्य सांगितलं, आणि ते तुला आधीच ठाऊक होतं हेही सांगितलं. मग अट घातली: आत यायचं, पण तिनं माझ्याकडे पाहिलं तरच बोलायचं.

ही अट पाळणं काय असतं ते सांगतो. कळ आली की ती माझ्या गळ्याला लोंबकळायची, कपाळ माझ्या खांद्यात रुतवायची. मधल्या वेळात आम्ही व्हरांड्यात चालायचो, कठडा धरून, टोकाच्या फुलझाडापर्यंत आणि परत. सिस्टर पाठीला गरम पिशवी लावायची आणि कधी झुकायचं, कधी बसायचं ते सांगायची. सगळ्यांकडे बोलायला काहीतरी होतं. मी रुमाल दातांत धरला होता. तो आता रुमाल म्हणवत नाही.

इंजेक्शन लागलं नाही. मी फक्त दोनदा बोललो. पहिल्यांदा काय ते ती लिहील. दुसऱ्यांदाचं लिहिण्यासारखं नाही.

ये. बॅग घेऊन ये.

तुझा,
पुटपुट्या

२८ फेब्रुवारी, याच पाकिटात

ती. आत्यांना,
सा. न. वि. वि.

हा खाली चहा आणायला गेलाय तोवर लिहिते.

शेवटी शेवटी कळा एकावर एक आदळायला लागल्या, काठ दिसेनासा झाला. डॉक्टर आल्या आणि म्हणाल्या, कागदावर नको लिहिलंय, पण बेत बदलता येतो, इंजेक्शन हवं आहे का. मी समोरच्या भिंतीकडे बघत होते. उत्तर आलं नाही. तेव्हा त्या आणि सिस्टर, दोघींनी याच्याकडे पाहिलं, नेहमी सगळे नवऱ्याकडे बघतात तसं. हा गप्प. पुन्हा विचारलं. हा गप्प. घाम गळत होता, कानशिलं लाल, पण गप्प. एक कळ आली, गेली. तेवढी शांतता मला कोणी दिली नव्हती आत्या.

मग सगळंच विसरले. वर्ग, श्वास, मी कोण, काय म्हणायचं होतं. चादर चाचपत होते. आणि याच्याकडे पाहिलं.

त्यानं वाकून, त्याच्या त्या विंगेतल्या आवाजात म्हटलं, मला भीती.

दोनच शब्द. पुढचं मी म्हटलं, मोठ्यानं, खोलीतल्या सगळ्यांना. मला भीती वाटते. डॉक्टर स्टूल ओढून माझ्याजवळ बसल्या. म्हणाल्या, वाटणारच, आता थोडं उरलंय, मी इथून हलत नाही. त्यानंतर इंजेक्शनचं कोणी विचारलं नाही, मलाही आठवलं नाही. भीती गेली नाही, पण ती आता सगळ्यांनी मिळून धरली होती.

आणि दुसऱ्यांदाचं. मुलगी बाहेर आली ती डोळे उघडून, गप्प. सिस्टरनं तिला माझ्या छातीवर ठेवून टॉवेलनं पाठ चोळली. तरी गप्प. सगळे थांबलेले. तिनं डोळे फिरवले, याच्या दिशेनं, मूठ हवेत काहीतरी चाचपत होती. तुमच्या भाच्याला एवढं पुरे झालं. त्यानं तिच्या कानाशी वाकून अगदी हलक्यानं म्हटलं, ट्यां.

सिस्टरचा हात थांबला. डॉक्टरांनी तोंड फिरवलं. आणि मुलीनं वाक्य उचललं, असं की व्हरांड्याच्या टोकाला ऐकू गेलं असेल.

तेव्हापासून तिचं चालू आहे. हा शेजारी उभा राहून तिचं संपेपर्यंत थांबतो, मध्ये बोलत नाही.

तुम्ही लवकर या. लोभ आता तिघांत वाटावा लागेल, तेवढा बॅगेत भरून आणावा.

आपली,
सूनबाई