दार कुणी बडवलं

ग्रिम्सबी,
६ फेब्रुवारी १९९४

चि. नेव्हिल,
अनेक आशीर्वाद. तुरुंगात धड पांघरूण तरी देतात का, ते आधी कळव.

माझा नवरा क्लिफर्ड कोर्टात सांगणार आहे की बॅरक्लॉफच्या दारात पेट्रोल ओतलं खरं, पण लगेच पश्चात्ताप होऊन त्यानेच दार बडवलं. तू म्हणे गाडीतून चिथावत होतास! बॅरक्लॉफ त्याचा मुकादम, त्याने कामावरून काढलं, त्याचा राग मी समजू शकते. पण आत दोन मुली झोपल्या होत्या रे. त्या सकाळी घरी येऊन हाच क्लिफर्ड तुलाच शिव्या घालत होता, मेहुण्याने दार बडवून घात केला म्हणून. हे साक्षीत सांगू? माझी पोरं बापाला मुकतील.

लोभ आहेच.
तुझी ताई, डोरीन

हल तुरुंग,
११ फेब्रुवारी

ती. डोरीनताईस,
सा. न. वि. वि. पांघरूण आहे, चहा मात्र भांडी विसळल्याच्या पाण्यासारखा.

ताई, तू साक्षीला येऊ नकोस. मी काही धुतल्या तांदळासारखा नाही. क्लिफर्डच्या पिशवीला पेट्रोलचा वास येत होता. विचारलं तर म्हणाला, बॅरक्लॉफचं घर पेटवतो, तू गाडी चालव. आणि मी चालवली! पहिली काडी वाऱ्याने विझली तेव्हा कुठे माझे पाय हलले आणि मी जाऊन दार बडवलं. वकीलबाई म्हणतात, आग लागली नाही तरी काडी ओढताच प्रयत्नाचा गुन्हा झाला, आणि माहीत असून नेऊन सोडणारा त्यात भागीदारच. दार बडवल्याने फार तर शिक्षा कमी होईल. तेवढ्यासाठी संसार मोडू नकोस.

पोरांना पापे.
तुझा नेव्हिल

ग्रिम्सबी,
२० एप्रिल

चि. नेव्हिल,
अनेक आशीर्वाद. मी साक्ष देताना तू मान वरच केली नाहीस, म्हणून लिहिते. मी तुझी शिक्षा कमी व्हावी म्हणून उभी राहिले नाही. दोषी तुम्ही दोघंही होतात, ते ज्युरीने बरोबर ठरवलं. क्लिफर्डला नऊ वर्षं, तुला तीन. पण खोट्याला मी घरात जागा देणार नव्हते. पोरं माझ्याशी बोलत नाहीत. बोलतील.

बाहेर बॅरक्लॉफची बायको समोर आली. वाटलं, थुंकेल. तिने एवढंच विचारलं, हलच्या तुरुंगात भेटीचा वार कोणता असतो. तिची थोरली मुलगी तुला बघायचं म्हणते. मी शनिवार सांगितला. दाढी करून ठेव.

माया आहे तशीच आहे.
तुझी ताई, डोरीन