चर्चागटाच्या ‘आदर्श पोस्ट’मधून कापलेली शेवटची ओळ परत जोडण्याबाबत

प्रति,
मा. नियंत्रक अधिकारी,
‘लाकूड-पॉलिश’ ई-मेल चर्चागट,
फर्निचर कारागीर प्रशिक्षण कार्यालय,
पहिला मजला.

विषय: चर्चागटाच्या ‘आदर्श पोस्ट’मधून कापलेली शेवटची ओळ परत जोडण्याबाबत.

संदर्भ: १) आपले पत्र, ‘विषयांतराबाबत तिसरी व अंतिम सूचना’.
२) चर्चागटाची नियमावली, नियम चार: ‘एक मेल, एक विषय’.

महोदय,

१. मी गाद्या-कुशनचे काम करतो. माझी पत्नी लाकडाला पॉलिश करायची. आपल्या गटावर तिला ‘कपाटवाल्या ताई’ म्हणत. आमचे दुकान दोन खोल्यांचे आहे. पुढच्या खोलीत मी, मागच्या खोलीत ती. ती जूनमध्ये वारली. हा अर्ज मी विषय न सोडता लिहिणार आहे. कुठे सुटला असे वाटले तर तो परिच्छेद आधी पूर्ण वाचावा आणि मगच कापावा, ही विनंती.

२. पॉलिशच्या थराला आम्ही ‘हात’ म्हणतो, हे आपणास माहीत आहे. पहिला हात, दुसरा हात, शेवटचा हात. शेवटच्या हाताआधी हार्डनरची, म्हणजे पॉलिश कडक करणाऱ्या रसायनाची, बाटली गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून कोमट केली, तर थर काचेसारखा बसतो, हे माझ्या पत्नीने शोधले. तिने त्याला ‘गरम हात’ नाव दिले. ओल्या पॉलिशवर धूळ बसू नये म्हणून त्या वेळी खिडक्या बंद ठेवायच्या. पहिले कपाट झाले तेव्हा तिने मला हाक मारली आणि त्याच्या दारात आपले तोंड बघत म्हणाली, “तुमच्या कुशनवर लोक बसून जातात. माझ्या दारासमोर केस विंचरून जातील.”

३. ही कृती तिने आपल्या गटावर पाठवली. गटावर मेल पाठवला की तो आधी आपल्याकडे येतो, आपण तपासता आणि मग सर्व सदस्यांना जातो. आपण तो तपासून पाठवला. तिचा मूळ मेल आमच्या कॉम्प्युटरवर आहे. त्याची शेवटची ओळ अशी होती: ‘घसा धरला तर थांबावे, खिडकी उघडावी, चकाकी दुसऱ्या दिवशीही आणता येते.’ सदस्यांना गेलेल्या मेलमध्ये ही ओळ नव्हती. आपण तिला कळवले होते की आरोग्य हा गटाचा विषय नाही, त्यामुळे सदर ओळ विषयांतर म्हणून वगळली आहे. ती त्यावर हसली. मला म्हणाली, “शेपूट कापलं हो माझ्या मेलचं. आता तो शिस्तीत बसला.”

४. त्यानंतर आपण तिच्या पोस्टला ‘आदर्श पोस्ट’ ठरवले. कारण असे दिले की लेखिकेने पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत विषय सोडलेला नाही. ती पोस्ट नमुना म्हणून प्रत्येक नव्या सदस्याला पाठवली जाते आणि दर महिन्याच्या एक तारखेला सर्वांना पुन्हा जाते. आमच्याकडे लांबलांबून कामे येऊ लागली. ‘तो आरशासारखा हात’ हवा, असे लोक सांगून जायचे. मागच्या खोलीच्या खिडक्या दिवसभर बंद राहू लागल्या. तिला आधी खोकला सुरू झाला, मग दम लागू लागला. थोडी थांब, असे मी म्हणायचो. त्यावर ती म्हणायची, “लिहिलं तेव्हा कधीतरी धरायचा घसा. आता रोजच धरतो. मग रोज थांबू की काय?”

५. दवाखान्यात डॉक्टरीण बाईंनी विचारले की हेच काम करणाऱ्या आणखी कोणाला असा त्रास आहे का. मला सांगता आले नाही. मी रसायनातला माणूस नाही. कशाने काय झाले ते मला आजही ठामपणे सांगता येणार नाही, आणि या अर्जात मी तसे सांगतही नाही. ‘गरम हात’ मारणारी माणसे कोण आणि कुठे आहेत, हे फक्त आपल्या गटाला माहीत आहे. म्हणून पत्नी गेल्यावर मी तिच्या खात्यावरून गटाला मेल केला. त्यात दोनच वाक्ये होती: ती वारली, आणि हे काम करणाऱ्या आणखी कोणाचा घसा धरतो का. आपले उत्तर आले की पोस्ट विषयाला धरून नसल्याने काढून टाकली आहे, कृपया पॉलिशसंबंधीच लिहावे. ती पहिली सूचना होती.

६. मी नियमावली वाचली. मला वाटले, नवा विषय काढला ही माझी चूक झाली. म्हणून पुढच्या वेळी माझ्या स्वतःच्या पत्त्यावरून मेल करताना ‘गरम हात’ हाच विषय ठेवला आणि एवढेच लिहिले की आदर्श पोस्टची शेवटची ओळ राहून गेली आहे, ती जोडावी. आपण उत्तर दिले की पोस्टमध्ये दुरुस्ती करण्याचा अधिकार फक्त मूळ लेखिकेला आहे. तिने स्वतःच्या खात्यावरून मागणी करावी. मी लिहिले की ती हयात नाही. आपण लिहिले की कार्यालयाकडे तशी नोंद नाही. नोंद नाही, कारण ज्या मेलमध्ये मी ते कळवले होते तो विषयांतर म्हणून काढला गेला. मग मी तिच्याच खात्यावरून मागणी केली. त्यावर दुसरी सूचना आली की सदर सदस्या हयात नसल्याचे आपणच कळवले आहे, सबब तिच्या खात्यावरून मेल करणे ही तोतयेगिरी आहे. त्याच आठवड्यात तिला गटाकडून अभिनंदनाचा मेल आला की वर्षभर नियम पाळल्याबद्दल आपण ‘शिस्तप्रिय सदस्य’ ठरला आहात. तिच्याकडून आता नियम मोडला जाण्याची शक्यता नाही, एवढे मी खात्रीने सांगू शकतो.

७. ऑगस्टमध्ये गटावर एक नवीन सदस्या आल्या. त्या लाकडी डब्या बनवतात आणि स्वतःला ‘डबीवाली’ म्हणतात. आदर्श पोस्टखाली त्यांनी माझ्या पत्नीला उद्देशून लिहिले. ताई हयात नाहीत, हे त्यांना कोण सांगणार? त्यांचा मेल जसा आला तसा देत आहे: ‘ताई, तुमच्या पद्धतीने गरम हात मारला. डब्या इतक्या सुरेख झाल्यात की गिऱ्हाईक झाकणात बघून दात तपासतंय. माझी एकच खोली आहे, त्यामुळे खिडकी बंद ठेवून तिथेच काम, तिथेच स्वयंपाक. एक विषयाबाहेरचं विचारायचं होतं, पण इथे चालत नाही. असो.’

८. हा मेल आपण तपासून पाठवला. त्यात कापण्यासारखे काही नव्हते. त्या बाईंनी ते आधीच स्वतः कापले होते. त्यांना काय विचारायचे होते ते मला ठाऊक नाही. पण ‘असो’ हा शब्द वाचल्यापासून माझे कामात लक्ष नाही. मी परस्पर उत्तर दिले असते, परंतु गट सदस्यांचे पत्ते दाखवत नाही. गटावर दिलेले उत्तर आपण अडवले. त्यात फक्त ‘बाई, खिडकी उघडा’ एवढे होते. सप्टेंबरपर्यंत त्या अधूनमधून लिहीत होत्या. मेल लहान होत गेले. शेवटच्या मेलमध्ये ‘सध्या काम बंद आहे’ इतकेच आहे, विषय: ‘गरम हात’. त्यानंतर त्यांचा मेल आलेला नाही. त्यांच्यासारखे आणखी सदस्य गप्प झाले आहेत. आधी ते दिवसाआड लिहायचे. आपण त्यांना ‘निष्क्रिय’ म्हणून यादीतून कमी करत आहात, असे गटावर वाचले. ते का गप्प झाले हे विचारणे नियमात बसत नाही. गटावरची चर्चा मात्र आता अगदी विषयाला धरून चालते.

९. मागील आठवड्यात मी हा विषय समक्ष मांडण्यासाठी आपल्या कार्यालयात आलो होतो. जिना चढण्याआधीच कोमट हार्डनरचा तो वास आला. तो वास मला झोपेतही ओळखता येईल. तळमजल्यावरच्या प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये शिकाऊ माणसे रांगेने बसली होती. प्रत्येकासमोर गरम पाण्याचे पातेले आणि त्यात बाटली. खिडक्यांच्या फटींना चिकटपट्टी लावलेली. भिंतीवर माझ्या पत्नीची पोस्ट मोठ्या अक्षरांत छापून, चौकटीत घालून लावली आहे. मी ती शेवटपर्यंत वाचली. ती ‘खिडक्या बंद ठेवाव्यात’ इथे संपते. मी वाचत होतो तेव्हा पाठीमागे कोणीतरी खोकले. मग दुसरे कोणी. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, “चला, कामात लक्ष द्या, आवाज नको.”

१०. आपली भेट झाली नाही. शिपाई म्हणाला, “साहेब वर आहेत, पण बोलत नाहीत. महिना झाला, आवाज बसलाय. काय असेल ते चिठ्ठीवर लिहून द्या.” मी म्हटले, बरेच दिवस लिहूनच देतो आहे. तो हसला आणि हळूच म्हणाला, “काका, मनाला लावून घेऊ नका. गटावर सगळ्यांना गप्प करता करता साहेबांनाच गप्प बसायची पाळी आली.” असे म्हणून तोही खोकला आणि पाणी प्यायला गेला. जिन्याची खिडकीही बंद होती. मी ती उघडायचा प्रयत्न केला, पण कडीवर रंगाचे थर बसले आहेत.

११. आपली तिसरी व अंतिम सूचना काल मिळाली. तीत असे आहे की शेवटची ओळ जोडल्यास पोस्टमध्ये दोन विषय होतील, ती आदर्श राहणार नाही, आणि नवीन आदर्श पोस्ट निवडण्यासाठी समितीची बैठक वर्षअखेरीस होईल. तोपर्यंत मी पुन्हा लिहिल्यास पत्नीचे खाते कायमचे बंद करण्यात येईल. ते बंद करावे, माझी हरकत नाही. पण ती पोस्ट एक तारखेला पुन्हा सगळ्यांना जाणार आहे, आणि वाचणारे तिला ताईंचा शब्द समजतात. ‘थांबावे’ हा शब्दही तिनेच लिहिला होता. तो तिच्या नावाखाली पुन्हा असावा, एवढेच माझे मागणे आहे. आदर्श हा शब्द काढून टाकला तरी चालेल.

१२. आपल्या त्या पत्राखाली, सहीच्या वर, एक ओळ आहे. ती टाईप करणाऱ्याने मागाहून घातली असावी, कारण तिचा वरच्या मजकुराशी संबंध नाही. ‘घसा धरल्यामुळे उत्तरास विलंब झाला, क्षमस्व.’ आपल्या पत्राचा विषय माझे विषयांतर हा होता. नियम चारप्रमाणे ही ओळ वगळायला हवी होती. ती कोणी कापली नाही, म्हणून मला वाचता आली.

१३. साहेब, आपली खोली त्या हॉलच्या बरोबर वर आहे. या अर्जावर निर्णय घेण्याआधी, किंवा घ्यायचा नसला तरी, उठून खिडकी उघडा. मग खाली जाऊन त्या माणसांना बाहेर मोकळ्यावर आणा. कडी निघत नसेल तर काच फोडा, ती मी भरून देईन.

हे विषयाला सोडून आहे, हे मला मान्य आहे.

आपल्या गटाचा सदस्य नसलेला, परंतु नम्र,

(सही)
‘कपाटवाल्या ताईं’चा नवरा,
गादी-कुशन कारागीर

दिनांक: २६ नोव्हेंबर

सोबत:
१) पत्नीच्या मूळ मेलची प्रत, शेवटच्या ओळीसह.
२) आपल्या तिसऱ्या सूचनेची प्रत, शेवटच्या ओळीसह.
(दोन्ही ओळींखाली कापडावर खुणा करायच्या खडूने रेघ मारली आहे. खडू पुसला जातो, म्हणून लवकर पाहावे.)