पाचचा भोंगा आणि लहानूचा काटा

पांढरकवडा,
ता. १७ डिसेंबर १९६१

तीर्थस्वरूप साडूभाऊ उकंडाजी, मुक्काम मुकुटबन, यांना पांढरकवड्याहून डोमाजीचा, इंदूबाईचा अन् नलूचा मानाचा जयभीम. रुखमाबाईलेही आमचा जयभीम सांगा. तुमचा गुडघा कसा आहे ते कळवा (निरगुडीचा पाला शेकाले सांगतला होता, तो तुमी शेकला नसनच). इकडं आमी खुशाल आहोत. मह्या कानात अजून थोडी गुणगुण आहे, त्याचं कारण खाली येतेच.

साडूभाऊ, पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, तुमचे उपकार मह्यावर डोंगराएवढे झाले. नलूसाठी स्थळ सुचवताना तुमी लिवलं होतं, मुलगा आपल्याच समाजातला, अंगापिंडानं बरा, बोलणं कमी, कोणाच्या अध्यात नाही का मध्यात नाही. मुलगा आपल्या माणसांसंगं मॅचच्या दिवशी पांढरकवड्यालेच येणार, तवा आमच्या कापसाच्या जिनाचा (सरकी काढायच्या कारखान्याचा) पाचचा भोंगा झाला का घरी येऊन मुलगी पाहीन, असंही लिवलं होतं. पण एक गोष्ट तुमी लिवली नाही. ती लिवली असती तर हे सारं झालंच नसतं, अन् झालं नसतं तर आज मी तुमचे पाय धराले निघालो नसतो. म्हणून तुमच्या न लिवण्याचेही आभार.

आता मॅचचं ऐका. मुकुटबन अन् पांढरकवडा, फुटबॉलची फायनल. मैदान आमच्या जिनाच्या मागचं, तुमाले माहीतच आहे, एकीकडून बाभळीच्या काट्यांचं कुंपण अन् एकीकडून हैदराबादचा रस्ता. रेफ्रीजवळ शिट्टी होती, घड्याळ नोहतं. आमच्याकडं मॅच जिनाच्या भोंग्यावर संपते, पाचचा भोंगा झाला का खेळ खलास, अशी रीतच आहे. अन् भोंगा कोण मारते? बॉयलरवरचा डोमाजी. म्हणजे म्हणाल तर मी मॅचचा सर्वात मोठा पंच, पण मले कोणी कधी नारळ देल्ला नाही की शाल देल्ली नाही.

मॅचच्या आधी आठ दिवस रस्त्यावरच्या चहाच्या हॉटेलात एकच वाद चालून राह्यला होता. मुकुटबनवाले एक गोल चढले का मग खेळतच नाहीत, वेळ काढतात. त्यांचा एक फुलबॅक आहे, अनवाणी खेळते (सारेच अनवाणी खेळतात, पण हा जरा जास्तच अनवाणी दिसते, इतके मोठे पाय). गोल चढला का हा गडी मैदानात मधोमध बसते, पाय मांडीवर घेते अन् काटा काढत बसते. आता बाभळीजवळचं मैदान, काट्याले नाही कोण म्हणन? रेफ्रीही वाकून पाह्यते. आमच्या जिनाचे काटेवाले सदाशिवराव (कापसाच्या गाड्या तोलतात ते) म्हणत, ही हुशारी आहे, नियमात बसते. मी म्हणो, ही लबाडी आहे, माणसाच्या वेळेवर डाका आहे. त्यावरून मी दोन वेळा चहा अर्धा टाकून उठलो (दुसऱ्या वेळी परत येऊन पेलो). अन् तो गडी खेळते किती दांडगा! आमचा सेंटर फॉरवर्ड मागच्या साली त्याले धडकला तर उठल्यावर आपल्याच गोलाकडं पळत सुटला. सदाशिवराव म्हणत, असा गडी आपल्याकडं असता तर तुमीच त्याले हार घातले असते डोमाजी, त्यांच्याकडं आहे म्हणून गुंडा म्हणता. मी म्हटलं, हारच घालतो, खेटरांचा. साडूभाऊ, हे मी साऱ्या हॉटेलासमोर बोललो. जीभ झडली पाह्यजे होती मही.

मॅचच्या दिवशी बॉयलरच्या ओट्यावरून सारं मैदान दिसत होतं. मुकुटबननं एक गोल केला अन् लगेच तो गडी बसला काटा काढाले. उठला, एक लाथ मारली, बॉल रस्त्यावर चाललेल्या कापसाच्या ट्रकात जाऊन पडला अन् ट्रक निघाला आदिलाबादले. पोट्टे सायकली घेऊन मांगं लागले, तोवर हा पुन्हा खाली बसला, आता दुसरा पाय! मह्या अंगाची लाही लाही झाली. ओट्यावरून मी त्याले जे जे बोललो ते कागदावर लिवण्यासारखं नाही, शाई लाजन. घड्याळात पाच वाजले. साखळी ओढाले हात वर गेला अन् मनात आलं, डोमाजी, यानं जेवढा वेळ खाल्ला तेवढा भरून देणं हे तुहं काम आहे. हा न्याय आहे. मी हात खाली घेतला.

जिनात बाया थांबल्या होत्या सुटीसाठी. आमची इंदूबाईही त्यातच. ती बॉयलरच्या दारात येऊन म्हणे, पाहुणे भोंग्याची वाट पाहत असतीन, पोरीच्या जन्माचा सवाल आहे, भोंगा कायले अडवून ठेवला? मी म्हटलं, ईमानाचा वेळ भरून देऊन राह्यलो, मधात बोलू नको. ती म्हणे, ईमान गेलं चुलीत. अन् तेवढ्यात आमचा गोल झाला! बरोबरी! मले कायचं भान राह्यते. मी आनंदानं उडी मारून साखळीले असा लटकलो का भोंग्याचा दांडा वर जाऊन अडकलाच. भोंगा सुरू झाला तो बंदच होईना.

आता आमच्या गावात भोंगा एकदा वाजला तर सुटी, अन् वाजतच राह्यला तर जिनाले आग, हे शेंबड्या पोरालेही ठाऊक आहे. आवारात कापसाचे ढीग, एका ठिणगीचं काम. सारं गाव बादल्या, घागरी, गुंडं घेऊन जिनाकडं पळत सुटलं. मी खाली साखळी ओढून राह्यलो, वरून वाफ, मह्या डोळ्यापुढं नोकरीही दिसे अन् नलूही दिसे. पंधरा हंगामांची भाकर गेली, पाहुणेही गेले, असंच वाटलं. रडलोच मी साडूभाऊ, खोटं कायले सांगू.

अन् बाभळीच्या कुंपणावरून पहिली उडी कोणाची पडली? त्याच फुलबॅकची! गडी तसाच ओट्यावर चढला, बनियन काढून हाताले गुंडाळली अन् गरम दांडा एका झटक्यात खाली दाबला. भोंगा बंद. गाव बादल्या घेऊन उभं. अन् मांगून मॅनेजर सायब आले, तोंड लालबुंद, बाहीवर कोणाच्या तरी घागरीचं पाणी. पहिलाच सवाल, पाचचा भोंगा साडेपाचले काहून वाजला?

पंचशील घेतलेला माणूस, खोटं बोलता येईना, खरं बोललो तर पोट गेलं. तेवढ्यात तो गडी मॅनेजर सायबाच्या पुढ्यातच खाली बसला, पाय मांडीवर घेतला अन् म्हणे, अगागा! सायबानं पाह्यलं, हा माणूस जीन वाचवाले काट्यांवरून आला. म्हणे, कुठं लागलं रे? गडी म्हणे, सायब, जरा कंदील धरता का. सायबानं कंदील धरला. जरा खाली. जरा इकडं. जरा उजेड कमी पडते. सायब वाकले, मग उकिडवे बसले, मग त्यांचं मांडी घालणंच बाकी राह्यलं होतं. लोक पांगले, गाडीवाले तोलाईसाठी वरडाले लागले, सायबाची कंबर धरली. शेवटी कंबरेवर हात ठेवून उठले अन् म्हणे, साखळी जुनीच आहे, सदाशिवराव कवाचे सांगून राह्यले होते, उद्या नवी बसवून घ्या. गेले! साडूभाऊ, ज्या वेळकाढूपणाले मी आठ दिवस शिव्या देल्ल्या, त्यानंच मही नोकरी वाचवली. अन् त्यानं एक अक्षरही खोटं म्हटलं नाही, तुमीच पाहा.

मग तो मले वाकून म्हणे, जयभीम मामाजी, मी लहानू. उकंडाजीनं सांगतलं होतं, भोंगा झाला का घरी जा. पण भोंगा लय झाला.

तवा मले समजलं, तुमचं 'अंगापिंडानं बरा' म्हणजे काय ते. अन् याचं नाव लहानू! त्याले मही कमीज देल्ली, तिच्यात एकच हात गेला. घरी आपल्या माणसांसंगं लंगडतच आला. दुसऱ्याच्या घरी मुलीले चालून दाखवाले सांगतात, आमच्या घरी मुलगाच चालून दाखवून राह्यला होता. इंदूबाई नलूले म्हणे, पोरी, पिन आण अन् पाहुण्याचा काटा काढ. पोरीनं दिवा जवळ घेतला अन् खाली मान घालून बसली. पोहे थंडे झाले, चहा दोनदा गरम केला, तरी काटा निघेना, लय खोल गेला असन. पण जाताना लहानू म्हणे, मले पसंत आहे. नलू लोटा उचलून दारापर्यंत गेली, अन् लोट्यात पाणी नोहतं. एवढं साऱ्यानं पाह्यलं.

साडूभाऊ, मी गरीब माणूस, बोलता येत नाही. पण मही पोर भल्या घरी चालली, मही भाकर मह्या ताटात राह्यली, अन् दोन्ही तुमच्यापायी. या जन्मी विसरणार नाही.

तुमचा,
डोमाजी

ता. क. मॅच बरोबरीत सुटली म्हणून पुन्हा खेळायची आहे, संक्रांतीनंतर. आपल्याले आता मुहूर्त पाहायचा नाही, पंचांग नाही, कोणताही रविवार चांगला. तर लग्न मॅचच्या आधीच्या रविवारी धरा. जिनात कामाची एक जागा आहे, सायबाले मी बोलून ठेवलं, म्हणजे लहानू पांढरकवड्यालेच राहीन अन् आमच्याकडून खेळन. हॉटेलात मी बोलून चुकलो का वेळ काढणं ही हुशारीच आहे, नियमात बसते. मुकुटबनात हे कोणाले बोलू नका.

ता. क. दुसरा. पाकीट बंद करून राह्यलो होतो तर नलू म्हणे, बाबा, त्या पायात काटाच नोहता. मी म्हटलं, मंग पोहे थंडे होईलोक काय काढून राह्यली होतीस? तर म्हणे, तुमी भोंगा कायले अडवला होता? साडूभाऊ, लग्न लवकर धरा.