त्वरित योग्य ती कार्यवाही

२ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. निवृत्त होऊन पाच महिने झाले. पाणीपुरवठा खात्यातला माझा एवढा अनुभव घरात नुसता पडून आहे. म्हणून सौ.च्या संस्थेत स्वयंसेवक म्हणून नाव दिलं. संस्था बायकांची. कामं दोन : स्त्री-पुरुष समानता, आणि घरातलं कुणी डोकी भडकवणाऱ्या, मारामाऱ्या करणाऱ्या टोळक्याच्या नादी लागलं तर त्याला वेळीच माघारी आणणं. सौ. तिथली प्रमुख. पुरुष मी एकटाच, म्हणजे सगळा भार शेवटी माझ्यावरच येणार.
संकल्प : उद्यापासून सकाळचा चहा मी करणार. शिवाय 'सौ.' हा शब्द समानतेत बसत नाही. यापुढे 'सहचारिणी'.

३ फेब्रुवारी
उशिरा जाग आली. चहा सहचारिणीने केला. छान होता.

५ फेब्रुवारी, गुरुवार
प्रशिक्षण. नादी लागलेला माणूस कसा ओळखायचा ते सहचारिणीने सांगितलं. जुने मित्र तोडतो. फोन उशाशी घेऊन झोपतो. चेष्टा सहन होत नाही. उठता-बसता 'आपले' आणि 'ते' करतो. अशा माणसावर ओरडायचं नाही, टोमणे मारायचे नाहीत. त्याला घरातली चांगली खुर्ची द्यायची, पंख्याखाली, दाराची वाट मोकळी ठेवायची, आणि ऐकायचं. मी हात वर करून सांगितलं, आमच्या खात्यात सरळ मेमो द्यायचो. बायका हसल्या. यात हसण्यासारखं काय होतं?
संस्थेच्या दाराला निळा रंग द्यावा ही माझी सूचना मात्र मान्य झाली. बाकीच्या नऊ विचाराधीन.
'सहचारिणी' लिहायला फार वेळ जातो. परत सौ.

८ फेब्रुवारी
अरे देवा! खुणा आपल्याच घरात! लेक-जावई वरच्या मजल्यावर राहतात. जावईबापूंनी दाढी वाढवली आहे. बोलणं कमी झालंय. जेवताना मी आजच्या परिस्थितीवर तासभर पोटतिडकीने बोलतो, तर हा माणूस मान खाली घालून जेवतो. आता तर दोघं जेवायला खालीच येत नाहीत. कुठेतरी पाणी मुरतंय, आणि पाणी मला कळतं. पाळत ठेवणार.

११ फेब्रुवारी
सकाळी बागेत फिरणाऱ्या मंडळींनी मला 'जागे व्हा' ग्रुपमध्ये घेतलं. त्यांच्या प्रमुखाला सगळे कॅप्टन म्हणतात. कशाचा कॅप्टन ते विचारलं नाही, बरं दिसत नाही. माझा हात हातात घेऊन म्हणाला, तुमच्यासारखी अनुभवी माणसं हवीत. पाच महिन्यांत हे मला पहिल्यांदाच कुणी म्हटलं. ग्रुपवर माहितीही भरपूर. पुलापलीकडचे लोक इतके आतल्या गाठीचे आहेत, हे मला इतकी वर्षं कुणी सांगितलंच नव्हतं.

१६ फेब्रुवारी, सोमवार
शिंप्याचा फोन. पँट तयार आहे, बुद्धिबळाचा पटही मांडलाय, येऊन जा. तीस वर्षांचा दोस्त, पण राहतो पुलापलीकडे. वेळ नाही म्हटलं. तर म्हणे, हरायला घाबरतोस होय? फोन आपटला. चेष्टेला काही सुमार? वर सौ.ने संस्थेच्या कापडी पिशव्या यालाच शिवायला दिल्यात. ती फार भोळी आहे.
चहा उद्यापासून नक्की.

२० फेब्रुवारी
कॅप्टनचे मेसेज अपरात्री येतात, त्यामुळे फोन उशाशीच ठेवतो. सौ.ने विचारलं, एवढं काय वाचता? म्हटलं, संस्थेचंच काम. खोटं नाही. जावईबापूंना ओळखायचं तर असल्या गोष्टींचा अभ्यास नको?
लेक जिन्यात भेटली. म्हणाली, बाबा, तुम्ही हल्ली सारखं 'आपले' आणि 'ते' करता. विचारलं, नवऱ्याने शिकवलं का हे बोलायला? रडत वर गेली. म्हणजे त्याने तिलाही ओढलं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार, दुपार
कॅप्टनने फोटो टाकला. कुठलंसं निळ्या दाराचं घर, बाहेर बायका. खाली मजकूर : इथे आपल्या मुलींना फितवतात, पलीकडचे लोक इथे पिशव्या भरभरून सामान पोचवतात. चष्मा सापडेना म्हणून फोटो नीट दिसला नाही, पण प्रकार भयंकर. हाताच्या सवयीने खाली लिहिलं : 'सदर ठिकाणी त्वरित योग्य ती कार्यवाही व्हावी.' होते नव्हते त्या सगळ्या ग्रुपवर पाठवून दिलं. कॅप्टनने मुठी वळलेल्या हातांची चित्रं पाठवली. समाधानाने पडलो, डोळा लागला.

२४ फेब्रुवारी, संध्याकाळ
चष्मा सापडला.
दार आपलंच. रंग मी सांगितलेला.
सौ. फोन उचलत नाही. निघतो.

२५ फेब्रुवारी
नोकरीभर हे वाक्य रोज लिहिलं. कुणी ढिम्म हललं नाही. फुटलेला पाइप दोन-दोन वर्षं वाहायचा. या वेळी दोन तासांत कार्यवाही. पंधरा-वीस जण, दगड घेऊन. एकही खिडकी राहिली नाही. सौ. सुखरूप आहे. शिंपी पिशव्या द्यायला आला होता, तो आतून दार रेटून उभा राहिला म्हणून बायका वाचल्या. त्याच्या कपाळावर दगड बसला. दवाखान्याच्या काचेतून त्याला पाहिलं आणि आत न जाताच परत आलो.
कॅप्टनला फोन केला. उचलला नाही. मला ग्रुपमधून काढून टाकलंय.
सगळ्यांना गाडीत घालून दवाखान्यात जावईबापूंनी नेलं. संशय जावा म्हणूनही माणूस असं करू शकतो.

१ मार्च, रविवार, सकाळ
सौ. म्हणाली, संध्याकाळी संस्थेच्या बायका आपल्या घरी येणार आहेत. जावईबापूंसाठीच असणार. उशिरा का होईना, माझं म्हणणं पटलं. बोलायला बारा मुद्दे काढून ठेवलेत.

१ मार्च, संध्याकाळ
बायका आल्या. मला पंख्याखालची चांगली खुर्ची दिली. म्हटलं, वयाचा मान. दोघी दारासमोर बसल्या होत्या, त्या बाजूला सरकल्या. चहा जावईबापूंनी दिला आणि ते लेकीशेजारी जाऊन बसले. कुणी ओरडलं नाही, टोमणा मारला नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. सौ. म्हणाली, तुम्ही बोला, आम्ही ऐकतोय.
मी वर पंख्याकडे पाहिलं. मग दाराकडे. वाट मोकळी होती.
बारा मुद्दे खिशातच राहिले.
शिंपीही आला होता, कपाळाला पट्टी. त्यानेच आधी तोंड उघडलं. म्हणाला, डॉक्टरने टाके फार लांब लांब घातलेत, माझ्या दुकानात असता तर उसवायला लावले असते. मला हसू आलं आणि हसता हसता रडूच कोसळलं. लाज वाटली. सांगून टाकलं, ते वाक्य माझं होतं. तो म्हणाला, माहीत आहे, 'सदर' तुझ्याशिवाय लिहितं कोण?
जाताना पँट दिली. कंबर सोडलीय म्हणाला, दिवसभर फोन घेऊन बसतोस ना.
उद्या पोलिसांत जाऊन सगळं सांगायचं, कॅप्टनचा नंबर द्यायचा. सौ. बरोबर येणार नाही. जावईबापू येणार आहेत.

२ मार्च, सोमवार
पहाटे उठून चहा केला. दोन कप. सौ.ला हाक मारली. ती काचा बसवून घ्यायला केव्हाच गेली होती.
दोन्ही कप मीच प्यायलो. अगदी बेकार झाला होता.