बाल्कनीतलं घोंगडं

वेळापूर,
दि. ४ फेब्रुवारी २०२५

ति. ऋतुजाताईस,
कुमारचा सा. न. वि. वि.

बोटीवरनं उतरून पंधरवडा झाला आणि पत्र आज लिहितोय. टाळलंच म्हण. आधी राग होता, मग पेन सापडेना, मग एक कोकरू कालव्यात पडलं. ते काढताना एक ट्रकवाला भेटला, त्याच्याबरोबर मी अकलूजला कशाला गेलो ते आता आठवत नाही. फोन करावा तर तू माझा नंबर ब्लॉक केलेला. सख्ख्या भावाचा! का, तर दाजी म्हणाले की आम्ही बोटीवर त्यांची अब्रू घालवली. मला एका शब्दानं विचारलंस का?

आता ऐक. बियाण्याच्या कंपनीनं दाजींना मुंबई-गोवा बोटीची सहल दिली. तुझ्या कडेवर उत्कर्षा, म्हणून तू हट्ट धरलास की माझ्या जागी माझ्या वडलांना न्या, सगळा जन्म मेंढरांमागं गेला, एकदा समुद्र बघू दे. आबांच्या सोबतीला मी. खोली झकास होती, खोटं कशाला बोलू. सरकती काच, पलीकडं बाल्कनी, दोन खुर्च्या आणि खाली नुसतं पाणी. पण आबांना एसीत झोप येईना. त्यांनी घोंगडं उचललं आणि बाल्कनीत अंथरलं. उघड्यावर झोपायची सवय, दुसरं कुटं झोपणार? दाजींचा चेहरा बघायला पाहिजे होतास. शेजारच्यांनी बघितलं तर काय म्हणतील म्हणे.

मग फर्मान निघालं की धोतर-फेट्यात वर जेवायला यायचं नाही, ताट खोलीत येईल. वर काय काय होतं ताई! भज्यांचेच किती प्रकार, आणि एक घसरगुंडी, थेट पाण्यात. माझी चप्पल त्यातच गेली. असो. आबांनी दोन दिवस समुद्र बघितला तो बाल्कनीच्या कठड्यातनं. वर म्हणतात कसे, की वारं लई ग्वाड हाय, तक्रार कसली. त्यांची तक्रार नाही, माझी आहे!

सोळा तारखेला उत्कर्षाचं जावळ, मामाची मांडी पाहिजे, असा निरोप दुधाच्या टेम्पोवाल्यानं आणला. हे पत्र त्याच टेम्पोतनं येतंय. मांडी मिळणार नाही. मी येणार नाही आणि आबांनाही पाठवणार नाही. शेवटच्या संध्याकाळी बक्षीस घेताना कंपनीच्या साहेबांना आबा कोण म्हणून सांगितलंत, एवढंच दाजींना विचार.

आमच्याकडचा लोभ आहे तिथंच आहे. तुमच्याकडचा उरला असला तर कळव.

तुझा,
कुमार


सात रस्ता, सोलापूर,
दि. ८ फेब्रुवारी २०२५

चि. कुमार यास अनेक आशीर्वाद.

आशीर्वाद आत्ता तोंडातून निघत नाहीये, रीत म्हणून लिहिते. निम्म्या पत्रात भजी आणि घसरगुंडी! अरे, त्या खोलीचा फोटो मी महिनाभर मोबाइलवर बघत होते. कुठल्या खुर्चीत बसून चहा प्यायचा तेसुद्धा ठरवलं होतं. ती जागा मी आबांना दिली, खोलीत ताट सरकवायला नाही. हे मला कुणी सांगितलं नाही.

ह्यांचं सांगणं वेगळंच. कंपनीचे मोठे साहेब, गुरप्पा साहेब, शेजारच्या खोलीत होते. आबांनी पहाटे बाल्कनीतून त्यांना हाक मारली आणि मधल्या आडोशापलीकडून कानडीत गप्पा झोडल्या. त्याच संध्याकाळी बक्षीस देताना साहेबांनी ह्यांच्याकडे धड बघितलंसुद्धा नाही. तेव्हा आबांनी नक्की काहीतरी चुगली केली, असं हे म्हणाले आणि मी खरं मानलं. वर्षभर राबून मिळवलेलं बक्षीस होतं रे ते.

तुझा प्रश्न मी विचारला. हे जेवत होते. भरल्या ताटावरून उठले, हात धुतले आणि दुकानात जाऊन बसले, सुट्टी असताना. तेव्हापासून बोलणं बंद. म्हणजे पाणी मुरतंय कुठंतरी. आता कालवा, कोकरू, ट्रक काही नको, एका ओळीत लिही. मामाच्या मांडीशिवाय माझ्या लेकीच्या केसाला वस्तरा लागणार नाही. तुम्ही येत नसाल तर न्हाव्याला घेऊन मी तुमच्या मेंढरांत येईन. पण भांडायचं कशासाठी ते मला कळू दे.

आबांना नमस्कार सांग. माझा लोभ फुकट मिळेल असं समजू नकोस.

तुझी,
ताई


वेळापूर,
दि. १२ फेब्रुवारी २०२५

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

घे एका ओळीत. दाजींनी साहेबांना सांगितलं की हा आमच्या घरचा गडी, सामान उचलायला आणलाय.

बक्षिसाला घरच्यांना वर बोलावलं होतं, म्हणून आबाही आले होते आणि मी शेजारीच उभा होतो. तोंड उघडणार तेवढ्यात आबांनी माझं मनगट दाबलं, खाली वाकले, दाजींची बॅग उचलली आणि निघाले. गड्यासारखे! खोलीत आल्यावर म्हणाले की पोरीला तितं नांदायचं हाय, तू गप ऱ्हा. म्हणून इतके दिवस गप्प राहिलो, आणि त्यावर तू मला ब्लॉक केलंस.

आणि चुगली म्हणे! पहाटे पलीकडं कुणीतरी खोकलं. शेजारच्या रानात दुसऱ्याची मेंढरं बसली असली की आपण कशी हाक देतो, जागा हायेस का म्हणून, तशी आबांनी दिली. त्यांना वाटलं, बाल्कनीत झोपलाय म्हणजे राखणीलाच असणार. पलीकडनं कानडीत उत्तर आलं. आबा पार कर्नाटकात इंडीपर्यंत मेंढरं घेऊन हिंडलेले, मग काय विचारतेस! साहेबांचे आजोबासुद्धा मेंढरंच राखायचे म्हणे. बोलता बोलता आबांनी दाजींचं नाव घेतलं आणि सांगितलं की जावई लई गुणाचा, त्येनंच मला समुद्र दावला. संध्याकाळी त्याच साहेबांपुढं दाजींनी सासऱ्याचा गडी केला. साहेब तोंड फिरवणार नाहीत तर काय? चुगली नव्हती ताई, कौतुक होतं.

एवढं होऊन आबांनी कालपासून फेटा धुवून वाळत घातलाय, जावळाला जायचं म्हणतात. मी म्हटलं, जा, गडी लागतच असेल त्यांना. तर माझ्याशी बोलेनात. सगळे माझ्यावरच चिडा!

थांब, कुत्री भुंकायला लागली. बांधावर मोटारसायकल आली.

ताई, दाजी आलेत. एकटेच. तू पाठवलंस का? तुझ्या हाती तर हे पत्र अजून पडलंसुद्धा नाही. चांगले बूट लेंड्यांत बरबटलेत. आबा उठले, तेच घोंगडं झाडलं आणि त्यांच्यासाठी अंथरलं. दाजी कितीतरी वेळ त्याच्या कडेला उभे होते. आता बुटाची नाडी सोडायला वाकलेत, आणि ती सुटत नाहीये. मी अजिबात मदत करणार नाही. चहाचं नंतर बघू.

टेम्पो आला, पत्र बंद करतो. लोभ कुणी किती करायचा ते सोळाला समोरासमोर ठरवू.

तुझा,
उत्कर्षाचा मामा