हिरव्या बटणाबद्दल लिहून ठेवतो

मी, खाली सही करणारा, वय सदुसष्ट पूर्ण, धंद्याने फिटर, कागदाच्या कारखान्यात देखभाल विभागात अडतीस वर्षे नोकरी केलेला, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदय नाही, पण कायद्याला त्याच्याशी कर्तव्य नाही, असे वकीलबाई म्हणाल्या. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही, उलट घरातले सगळे "एवढी घाई कसली?" म्हणून मला अडवत आहेत. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले असते तरी त्यात कलम चार नसते, म्हणजे ते खोटेच ठरले असते.

१. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची पत्र्याची शेड, माझ्या पत्नीला तिच्या हयातीपर्यंत. तिच्यानंतर मुलगी आणि मुलगा यांना निम्मे निम्मे. धाकट्याच्या मनात मधली भिंत पाडून मोठा हॉल करायचा आहे. आई असेतोवर त्याने एक वीटही हलवू नये. या बाईने सतरा वर्षे माझ्यासाठी दाराची बेल ऐकली. समोरचा हळू बोलला की त्याचेच वाक्य ती मोठ्याने पुन्हा म्हणायची, म्हणजे मला उत्तर देता यावे. "वहिनींना मध्ये बोलायची फार खोड," असे नातेवाईक म्हणत. ती बोलणी तिने माझ्यापायी खाल्ली आणि एकदाही खरे कारण सांगितले नाही.

२. बँकेतील ठेवी पत्नीला. मात्र शेवटची दोन वर्षे कारखान्याने 'शिकवणी भत्ता' म्हणून जो वेगळा पैसा दिला, तो मी वेगळ्याच खात्यात ठेवला आहे. त्याचे काय करायचे ते कलम पाचमध्ये.

३. पाने, पुलर, ग्रीसची गन आणि लाकडी पेटी मुलीला, म्हणजे ताईला. ती शाळेत विज्ञान शिकवते, आणि घरातला पंखा उघडायची हिंमत फक्त तिच्यातच आहे. माझा लांब स्क्रूड्रायव्हर मात्र पेटीत नाही, शेडमध्ये खिळ्याला आहे. त्याचे टोक चालत्या यंत्रावर आणि मूठ कानाच्या हाडावर टेकवून मी बेअरिंगचा आवाज ऐकत असे, म्हणून सारा कारखाना मला 'कानसेन' म्हणायचा. कारखान्याला तो दर्शनी दालनातल्या काचेच्या कपाटात ठेवायचा आहे, तसे पत्र आले आहे. देऊ नये. भंगारवाल्याला वजनावर द्यावा.

४. हे कलम मालमत्तेचे नाही. तरी ते गाळू नये.

मला वयाच्या पन्नाशीपासून बारीक आवाज ऐकू येत नाहीत. बेअरिंग बिघडायला लागले की आधी डासासारखी बारीक शिट्टी मारते. घरघर फार नंतर सुरू होते. घरघर मला ऐकू येई, शिट्टी नाही. ही गोष्ट पत्नी सोडून एकाच माणसाला ठाऊक होती: माझा जोडीदार फिटर, ज्याला आम्ही बुटका म्हणत असू. स्क्रूड्रायव्हर कानाला लावून मी डोळे मिटायचो, ते दिसायला छान दिसे. खरे काम माझा तळवा करी. बेअरिंगच्या झाकणावर हात ठेवला की थरथर कळायची, बोटावर ग्रीस घेऊन हुंगले की जळका वास कळायचा. आणि शिट्टी असेल तर शेजारी उभा असलेला बुटका नाक खाजवायचा. मग मी डोळे उघडून सांगायचो, "हे बदला." एकदा तो म्हणाला, "वस्ताद, कान माझा आणि नाव तुमचं. निदान एक चहा तरी पाजा." मी चहा पाजला. बावीस वर्षांत त्याने याहून जास्त काही मागितले नाही.

मग यंत्रांच्या देखभालीसाठी ऐकणारा प्रोग्राम आणायचे ठरले. साहेबांनी मला केबिनमध्ये बसवले.

"कानसेन, तुमचं ज्ञान यंत्रात उतरवून घेतो. म्हणजे तुम्ही अमर झालात, बघा."

"आणि बाकीचे अकरा फिटर?"

"तिघांना ठेवू. शब्द देतो."

त्या तिघांत बुटका असेल एवढे मी कबूल करून घेतले आणि हो म्हणालो. मला दिलेल्या खोलीत एक पडदा, एक हेडफोन आणि दोन बटणे होती. शिकवायला आलेली मुलगी चष्मेवाली, फार नम्र. "काका, आवाज चांगला असेल तर हिरवं, बिघडलेला असेल तर लाल. एवढंच."

"हात लावल्याशिवाय कसं सांगू?"

"हात कशाला? सगळे म्हणतात तुमचा कान पुरे आहे."

मी तिथेच सांगायला हवे होते. पण पस्तीस-छत्तीस वर्षे ज्या नावावर भाकरी खाल्ली, ते नाव एका पोरीसमोर काढून ठेवणे मला जमले नाही. त्या खोलीत हाताला लागायला झाकण नव्हते, हुंगायला ग्रीस नव्हते, आणि बुटका बाहेर होता. दोन वर्षे मी हजारो आवाज ऐकले. घरघर आली की लाल दाबले. काहीच ऐकू आले नाही की हिरवे. जे यंत्र त्यातून तयार झाले त्याला माझे शहाणपण मिळाले, आणि माझे बहिरेपणही जसेच्या तसे मिळाले.

माझ्या निवृत्तीच्या दिवशी अकराही फिटरना काढण्याची यादी लागली. बुटक्याला मेहरबानी म्हणून बांधणी विभागात, गठ्ठे बांधायच्या टेबलावर घेतले. ते टेबल कागद वाळवणाऱ्या चार नंबर रोलजवळ आहे.

दीड वर्षाने तो रोल तुटला. दुपारची पाळी होती. आधी काय झाले ते बांधणीतल्या बाईने चौकशीत सांगितले आहे, मी तिचेच शब्द लिहितो. बुटका पाळीवर आल्यापासून अस्वस्थ होता. पर्यवेक्षकाला म्हणाला, "साहेब, चार नंबर शिट्टी मारतोय. थांबवा." पर्यवेक्षकाने पडद्याकडे पाहिले. हिरवे होते. तो हसून म्हणाला, "यंत्राला कानसेनांनी शिकवलंय. तुझा कान त्यांच्यापेक्षा तिखट का?" बुटका परत कामाला लागला.

तो एका वाक्यात सगळे सांगू शकला असता. त्याने माझी लाज राखली. वीस मिनिटांनी रोल तुटला, आणि तो गेला.

चौकशीने दोष बेअरिंग पुरवणाऱ्यावर ठेवला. ताईने त्या आठवड्याचा आवाज मिळवून संगणकावर त्याचा आलेख काढला. शिट्टी त्यात सरळ रेघेसारखी दिसते, तीन दिवस आधीपासून. ती रेघ मी पाहिली. आवाज चार वेळा लावायला सांगितला, तरी तो मला ऐकू आला नाही. बुटक्याच्या मृत्यूचे कारण मी आहे. हे मी शुद्धीत लिहीत आहे.

५. कलम दोनमधील शिकवणी भत्त्याची सर्व रक्कम, व्याजासह, बुटक्याच्या पत्नीला. ती देताना ताईने तिला कलम चार पूर्ण वाचून दाखवावे. आधी वाचावे, मग पैसे पुढे करावेत. तिने पैसे फेकून दिले तर उचलून पुन्हा आग्रह करू नये.

६. मुलास: तुला त्या कारखान्यात नोकरी कानसेनांचा मुलगा म्हणून मिळाली. तू पडद्यासमोर बसतोस, आणि हिरवे दिसले की हिरवे लिहितोस. मी तुला म्हणालो होतो, तासातासाने उठून झाकणांवर हात ठेवून ये. तू म्हणालास, "बाबा, आता सगळ्याला जाळी बसवलीय. कुलूप यंत्रच उघडतं, आणि तेही लाल झालं तरच." म्हणजे हातही गेला. नोकरी सोड म्हणालो, तर विचारलेस, "सोडून कुठे जाऊ? हाच प्रोग्राम नाही असा कारखाना दाखवा." मला दाखवता आला नाही. तुला देण्यासारखा सल्ला माझ्याजवळ उरलेला नाही. माझे मनगटावरचे घड्याळ तुझे.

७. कारखान्याच्या साहेबांना माझ्या कानतपासणीचा कागद चौकटीत बसवून पाठवावा. काचेच्या कपाटात स्क्रूड्रायव्हरची जागा रिकामी असेल, तिथे मावेल. मी त्यांना तीन पत्रे लिहिली. तिन्हींना एकच उत्तर आले, "आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे," आणि तेही प्रोग्रामनेच लिहिलेले होते. चष्मेवालीचा नंबर ताईने शोधून काढला. माणूस म्हणून बोलली ती एकटीच.

"काका, तपासणीत तो अठ्ठ्याण्णव टक्के बरोबर आला होता."

"बरोबर म्हणजे कोणाशी ताडून?"

तिने माझाच प्रश्न पुन्हा म्हटला. मग म्हणाली, "तुमच्याशीच." तिने वर कळवायचे कबूल केले, पण कळवण्याआधीच तिचीही जागा गेली. आता नवी आवृत्ती जुन्या आवृत्तीकडून शिकते, मधे माणूस बसत नाही. एकोणीस कारखान्यांत माझा कान चालू आहे. तो बंद करण्याचा अधिकार मला नाही; करारावर माझी सही आहे.

८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी ताईने करावी.

साक्षीदारांविषयी एक गोष्ट नोंदवतो. आज दुपारी घरचे डॉक्टर आणि शेजारचा शिंपी सहीसाठी आले, तेव्हा बुटक्याची बायकोही आली होती. ती आठवड्यातून एकदा येते. रोल तुटल्यापासून दर वेळी एकच वाक्य म्हणते, "भाऊजी, तुम्ही तिथे असता तर हे झालं नसतं." आज कागद पाहून म्हणाली, "साक्षीदार हवेत ना? मी करते की सही."

मी म्हणालो, "वहिनी, तुम्हाला नाही करता येणार."

"का? मला लिहिता येतं."

शिंपी मध्येच बोलला, "अहो, ज्याला काही मिळायचं असतं त्याची सही चालत नाही."

ती माझ्याकडे वळली. "माझ्यासाठी ठेवलंत काही?" एवढे म्हणून तिने पदराने डोळे पुसले. मग माझ्या पत्नीला म्हणाली, "बघा वहिनी, सख्खा भाऊसुद्धा एवढं करत नाही." माझ्या पत्नीने खाली पाहिले. सांगायचे तर ती वेळ होती. दोन साक्षीदार होते, कागद समोर होता, शब्द लिहून तयार होते. मी म्हणालो, "त्यात काय एवढं."

बुटक्याची बायको आता स्वयंपाकघरात आम्हा सगळ्यांसाठी चहा टाकते आहे. मी सही करतो आहे.

वरील मजकूर मला कोणी वाचून दाखवलेला नाही. मी तो स्वतःच्या डोळ्यांनी वाचला, आणि तो बरोबर आहे.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: १४ मार्च २०३१, दुपारी चार

लिहून ठेवणार: (सही) निवृत्त फिटर

आमच्यासमोर सही केली. मजकूर आम्ही वाचलेला नाही.
साक्षीदार १: (सही) घरचे डॉक्टर
साक्षीदार २: (सही) शेजारी, शिंपी