फुकटच्या खिचडीला वर्क ऑर्डर नसते

आई, आज ऑफिसात माझ्या टेबलावर एक टिपणी आली. पूरग्रस्तांना आज रात्रीच जेवण पोचवायचं आहे, तातडीची बाब म्हणून निविदा न मागवता पाकिटांचं काम अमुक एका ठेकेदाराला द्यावं. ती वाचताना तू आठवलीस आणि राग आला. थोडा तुझाही आला.

त्या वर्षी उल्हास नदी काठच्या मांजर्लीत शिरली आणि तिथल्या लोकांना आपल्या बेलवलीच्या शाळेत आणून ठेवलं. कुणी सांगायची वाट न बघता तू गल्लीतल्या बायका गोळा केल्यास, विहारातलं जयंतीच्या जेवणाचं मोठं पातेलं बाहेर काढलंस. पडवीत विटांची चूल धुमसतेय, तू डोळे पुसत माझ्यावर ओरडतेस, "बघत काय उभी राहिलीस? कांदा चीर." खिचडी अगदी मऊ, कारण शाळेत म्हातारी माणसं बरीच होती. त्यात मावशीही होती, तुझी बहीण; घरी चल म्हटलं तरी पंचनाम्यात नाव सुटेल या भीतीने ती शाळा सोडत नव्हती. घरातलं सगळं वाहून गेल्यापासून तिला घास गिळत नव्हता, तुझ्या हातचं तेवढं खायची.

मग एका सकाळी शाळेच्या फाटकावर पालिकेचा माणूस उभा. "ताई, जेवणाचा ठेका दिलाय आता. बाहेरचं आत नाही न्यायचं. कुणाला काय झालं तर?"

"बाहेरचं? अरे, मी पलीकडच्या गल्लीत राहते!"

तो काही वाईट नव्हता. आदल्या दिवशी त्यानेही आपलीच खिचडी मागून घेतली होती.

मला घेऊन तू तशीच पालिकेत गेलीस. "साहेब, आम्हाला पण टेंडर भरायचंय."

"टेंडर निघालंच नाही, मावशी," क्लार्क म्हणाला. "इमर्जन्सी आहे, टेंडरला टाइम कुठे?"

"मग त्याला कसं भेटलं?"

"वरून फोन आला. उल्हासनगरचा आहे, लगेच माल देतो."

"आम्ही देतोयच की. पैसे पण नकोत."

तो हसला, पण कुचेष्टेने नाही. "फुकट करणाऱ्याला वर्क ऑर्डर कशी काढू, मावशी? बिल कशाचं लावू?" तू माझ्याकडे बघितलंस, मी कॉलेजात जात होते म्हणून.

पाकिटं दुपार टळल्यावर आली. वातड पुऱ्या, आंबूस वासाची भाजी. फाटकाच्या गजांतून तू विचारायचीस, "खाल्लंस का गं?" मावशी नुसती नाही म्हणून मान हलवायची. ती तिथून खंगली ती खंगलीच, दिवाळी काही तिने पाहिली नाही. पाकिटांनी ती गेली असं मी म्हणणार नाही, वय होतं, धसका होता. तू मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिलीस, "माझी बहीण माझ्या दाराशी उपाशी राहिली. आपलं कुणीतरी आत बसलेलं पाहिजे होतं."

आता मी आत बसलेय, आई. राग त्याचाच आहे. टिपणीत बोट ठेवायला कुठे जागाच नव्हती. निविदा काढायची तर पंधरवडा जाणार, आणि लोक आज उपाशी. साहेब म्हणाले, "मॅडम, सही करा, लोक थांबलेत." लोक खरंच थांबले होते. सही अडवून मी त्यांच्यापुढे काय वाढणार होते? मी सही केली.

तू नाहीस, हे सगळं पाठवायचं तरी कुठे, म्हणून इथेच वहीत ठेवते. एवढंच सांगायचं राहिलं. लोक ज्या शाळेत ठेवलेत ती माझ्या घरच्याच वाटेवर आहे. संध्याकाळी मी रिक्षावाल्याला लांबच्या रस्त्याने घ्यायला सांगितलं.